घरबसल्या शिकाऊ लायसन्स : व्हिडिओ पाहा, परीक्षा स्वतःच द्या

पहिल्यांदा लायसन्स काढताय? वय 18 पूर्ण आणि आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर शिकाऊ लायसन्ससाठी आरटीओत जायची गरज नाही. 'सारथी' पोर्टलवर अर्ज आणि फी भरा. वय चाळिशीपुढे असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो.

परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण पाहावा लागतो. 15 पैकी किमान 9 उत्तरं बरोबर हवीत. ही परीक्षा एजंटाकडून उरकून घेऊ नका. रस्त्यावरची चिन्हं कळली नाहीत तर जीव आपलाच जातो.

शिकाऊ लायसन्स 6 महिने चालतं. 30 दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी प्रत्यक्ष गाडी चालवून द्यायची. तोवर गाडीला 'एल' लावा. चारचाकीत शेजारी पक्कं लायसन्सवाला हवाच.