थाळनेर आणि मालेगाव : १८१८ मधील दोन शरणागती

मंदसोरच्या तहान्वये जानेवारी १८१८ मध्ये होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख कंपनी सरकारास दिला. तथापि तापीकाठच्या थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला सोडण्याचे नाकारले. २७ फेब्रुवारी रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या तोफांचा मारा सुरू झाल्यावर तो बाहेर येऊन स्वाधीन झाला. परंतु आतील दरवाजापाशी अरब शिबंदीशी बोलणे चालले असता चकमक उडाली व मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. अटींविषयी गैरसमज झाल्याचा उल्लेख इंग्रज लेखकांनीही केला आहे. परिणामी सुमारे तीनशे शिपायांची कत्तल झाली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. पार्लमेंटने १८१९ मध्ये हिस्लॉपचे आभार मानले, ते ही फाशी वगळूनच.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात, तेव्हा खानदेशात मोडणाऱ्या मालेगावच्या अरबांनी शरण येण्यापूर्वी लेखी अभय मागितले. ते मराठीत लिहून देण्यात आले. मात्र त्यातील शब्दयोजना इंग्रज सेनापतीच्या हेतूपेक्षा अधिक देणारी ठरली. तरीही एल्फिन्स्टनने तिचा अर्थ अरबांना अनुकूल असाच धरला.

थाळनेरच्या शिबंदीपाशी दाखविण्याजोगा कागद नव्हता. मालेगावच्या अरबांपाशी तो होता. खानदेशच्या सत्तांतराचा विचार करताना तोफांच्या संख्येइतकेच कारकुनाच्या लेखणीलाही महत्त्व द्यावे लागते, ते यामुळेच.