कुरणात भरलेली शाळा

परवा बदलापूरबाहेरच्या एका वीटभट्टीवरून जात होतो. ऐन शाळेच्या वेळेत चार-पाच पोरं मातीत खेळत होती. त्यातली मोठी आठ-नऊ वर्षांची असेल, तिच्या कडेवर धाकटं भावंड. सोबतचा मित्र म्हणाला, "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही रे." मला कोसबाड आठवलं.

२०१४ पर्यंत आपण आणि कोसबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. मग डहाणू तालुका पालघरमध्ये गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम १९४५ साली बोर्डीत सुरू झालं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. शाळा होती, पण पोरं येत नव्हती. या दोघींनी आईबापांना नावं ठेवली नाहीत. पोरं दिवसभर असतात कुठे, ते आधी पाहिलं. कुणी गुरांमागे रानात, कुणी घरी भावंडं सांभाळत.

मग शाळाच गुरांमागे गेली! तीच कुरणशाळा. गुरं चरतायत आणि तिथेच पोरं शिकतायत. खडे, पानं, बिया हेच साहित्य. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर आणि बालवाडी शाळेला जोडली. म्हणजे, भावंडाला घेऊन ये, पण ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, याला ताराबाईंनी नाव दिलं 'विकासवाडी'. आज प्रत्येक वस्तीत दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळही ताराबाईंनी वस्तीतल्या अंगणात भरवलेल्या बालवाडीत आहे. सरकारी योजना आली ती थेट १९७५ साली.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. सन्मान झाले, पण त्यांचा साधा प्रश्न आपण विसरलो: मूल का येत नाही?

भट्टीवरचं कुटुंब दिवाळीनंतर येतं आणि पावसाच्या तोंडावर गावी परततं. गावच्या शाळेत पोराचं नाव असतं, पोर मात्र इथे.

मंडळी, ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही, दाखला नसला तरी, वयाप्रमाणे वर्गात प्रवेश द्यावा लागतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तेच सांगतो. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर भागात असं मूल दिसलं तर जवळच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगा. मी उद्या त्या भट्टीवर जातोय. कडेवरच्या भावंडाचं काय करायचं, तेही विचारणार आहे. कोण येतंय सोबत?