गिनीपिगच्या डोळ्यातले कुसळ

गव्हाच्या सुगीत डोळ्यात कुसळ जाणे ही जालना, अंबड, परतूरकडच्या शेतकऱ्याला नवी गोष्ट नाही. घरी किंवा वर्गात पाळलेल्या गिनीपिगचेही तसेच होते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, थोडे बाहेर आलेले असतात आणि तो गवतात तोंड खुपसून खातो. एखादी टोकदार काडी डोळ्याला लागते, डोळा मिटतो, पाणी वाहते. मग घरातली औषधाची बाटली शोधली जाते. ती उघडण्यापूर्वी दोन जुन्या हकिकती मुलांना सांगण्यासारख्या आहेत.

पहिली हकिकत रंगाची. 1871 साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरेसिन हा रंग तयार केला. तो पाण्यात अगदी थोडा असला तरी हिरवा चमकतो. 1877 मध्ये हा रंग जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी जिथे जमिनीत गडप होते तिथे ओतला गेला. सुमारे अडीच दिवसांनी तो काही मैलांवरच्या आख झऱ्यात उगवला आणि भूमिगत वाट सापडली.

1880 च्या दशकात नेत्रवैद्यांनी हाच रंग डोळ्यात वापरायला सुरुवात केली. डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा म्हणजे पारपटल. त्याचा वरचा थर धड असेल तर हा रंग आत शिरत नाही. ओरखडा असेल तेवढ्याच जागी शिरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा दिसतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी जखम अशी दिसू लागली. पण रंगाच्या उघड्या बाटल्यांतच जंतू वाढतात, हेही पुढे कळले. म्हणून 1951 साली सॅम्युएल किमुरा यांनी रंग लावलेल्या निर्जंतुक कागदी पट्ट्या सुचवल्या. घरातली अर्धी वापरलेली बाटली का नको, याचे उत्तर इथे आहे. तिच्यात स्टेरॉइड असेल तर धोका आणखी मोठा. लाली उतरते, पण जखम भरणे लांबते आणि जंतूंचे फावते.

दुसरी हकिकत पेनिसिलिनची. मे 1940 मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. औषध दिलेले चार वाचले, बाकीचे चार मेले. 1943 मध्ये मात्र अमेरिकेतील संशोधकांना दिसले, की उंदरांना मानवणारे हेच औषध गिनीपिगला मारते. त्याच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि विष तयार करणारे जंतू माजतात. अमॉक्सिसिलिनचेही तसेच. फ्लोरींनी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते, तर कदाचित पेनिसिलिन मागे पडले असते! मुलांसाठी आणलेले गोड औषध गिनीपिगला पाजणे म्हणूनच जिवावर बेतू शकते.

मग घरी करायचे काय? निर्जंतुक सलाइनच्या धारेने डोळा हलकेच धुवावा. काडी रुतली असेल तर ओढू नये. टोकदार भूस काढून मऊ कापड अंथरावे. कोथिंबीर, ढोबळी मिरची असा आवडता चारा जवळ ठेवावा, कारण दुखण्याने त्याने खाणे सोडले तर दिवसभरातच प्रकृती बिघडू लागते. आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. जखम किती खोल आहे, हे ठरवणारा रंग त्यांच्याकडे असतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. कागदावर मेणबत्ती घासून जाड थर द्या, खिळ्याने एक बारीक ओरखडा काढा आणि वरून पातळ शाई फिरवा. शाई कुठे शिरते ते मुलांना पाहू द्या आणि का, ते त्यांनाच विचारा.