गायनवर्गांतील हवा

मुलाला पडसें झालें असतां त्याला गाण्याच्या वर्गाला पाठवावें कीं नाहीं, हा प्रश्न गिरगांव-दादरच्या घरांतून नेहमींच निघतो. आणि "नाक तर नुसतें वाहतें आहे, जाऊं दे" एवढ्यावर बहुधा मिटतो. प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. गंमत अशी कीं, तो फारसा जुनाहि नाहीं.

पूर्वीं गायनविद्या गुरूच्या घरीं, एकेका शिष्याला समोर बसवून दिली जात असे. वीस-पंचवीस मुलांनीं एका खोलींत बसून एका सुरांत पलटे घोकावे, ही चाल अलीकडची. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व १९०८ सालीं मुंबईंत त्याची शाखा उघडली. त्यांचे शिष्य प्रो. बी. आर. देवधर यांनीं १९२५ सालीं आपली शाळा सुरू केली. ऑपेरा हाऊसजवळची ती शाळा पुढें सर्वतोमुखीं झाली. अशा वर्गांमुळें सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींना गाणें खुलें झालें. हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याबरोबर अनेक घरांचा श्वासहि एका खोलींत मिसळूं लागला.

मुंबईला साथींचा अनुभव नव्हता असें नाहीं. १८९६ सालीं मांडवीस प्लेग प्रकट झाला. हाफकिन यांनीं पुढच्याच वर्षीं लस सिद्ध केली आणि त्यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळास गेली. पण तो प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांचा. त्यानें शहराला गटारें धुण्याची व भिंतींना चुना लावण्याची संवय लाविली. १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा श्वासावाटे आला. जूनमध्यें तो मुंबईंत शिरला आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशीं शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. चुन्याचा तेथें काय उपयोग? तरीहि आमचें लक्ष हातांवर आणि पाण्याच्या पेल्यावरच राहिलें; खिडकीकडे गेलें नाहीं. गायनवर्गांत तर खिडकी मुद्दाम लावून घेतात. रस्त्याचा गोंगाट आंत येऊं नये, तंबोरा नीट ऐकूं यावा, आणि शेजाऱ्यांची तक्रार येऊं नये!

याचा हिशेब पुढें अमेरिकेंत स्पष्ट दिसला. १० मार्च २०२० रोजीं वॉशिंग्टन राज्यांतील एका गायकवृंदाच्या सुमारें अडीच तासांच्या तालमीला ६१ जण होते. त्यांतील एकास सर्दीसारखीं लक्षणें होतीं. त्यानंतर एकूण ५३ जणांना कोरोना झाला वा झाला असावा असें ठरलें, आणि दोघे दगावले. आवाज जितका मोठा, तितके तोंडांतून उडणारे सूक्ष्म कण अधिक, हें पुढें प्रयोगांनींहि दिसून आलें. मुलांना आपण "मोकळ्या गळ्यानें गा" म्हणतों, तेव्हां हेंहि ध्यानांत असावें.

गोंवराची गोष्ट याहून कठीण. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधींपासून मूल इतरांस रोग देऊं शकतें, आणि तेव्हां तें केवळ पडशानें बेजार दिसतें. तें उठून गेल्यावरहि दोन तासांपर्यंत विषाणु खोलींतील हवेंत टिकूं शकतात. म्हणजे पांचची तुकडी उठली आणि सहाची बसली, तर या मुलांनीं त्या मुलाला पाहिलेंहि नसतें. २०२२ सालीं मुंबईंत गोंवराची साथ आली, तेव्हां चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयांत मुलांना दाखल करावें लागलें. येथें खिडकीवर विसंबून चालत नाहीं. लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत कीं नाहींत, हें शिक्षकानें प्रवेशाच्या वेळींच विचारावें. त्यांत संकोच कसला?

बाकी सर्दी-खोकल्यासाठीं मात्र खिडकी उघडावी, दोन तुकड्यांच्या मध्यें खोली थोडी रिकामी ठेवावी, पंख्यानें आंतली हवा बाहेर लोटावी. खरी अडचण निराळीच आहे. चुकलेल्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहींत, परीक्षा तोंडावर असते, म्हणून आई खोकणाऱ्या मुलालाहि पाठविते. तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. चुकलेला पाठ पुढच्या आठवड्यांत भरून देण्याची सोय जेथें आहे, तेथें मूल निमूट घरीं राहतें.

२०२० सालीं वर्ग बंद पडले आणि शिकवणी दूरध्वनीवरून होऊं लागली. आवाज मागें-पुढें पोंचत असल्यामुळें सर्वांना एकदम गातां येईना. शिक्षकाला एकेका मुलाचा सा वेगळा ऐकावा लागला. कित्येक घरांतल्या मंडळींनीं आपल्या मुलाचा एकट्याचा आवाज तेव्हांच पहिल्यानें ऐकला.