आरोपाच्या छायेतील वैमानिक आणि संघटनेचे कवच

२१ ऑक्टोबर २००९ रोजी सान दिएगोहून मिनिआपोलिसकडे निघालेले नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे १८८ क्रमांकाचे विमान नियोजित विमानतळ मागे टाकून शंभराहून अधिक मैल पुढे निघून गेले. १४४ प्रवासी असलेल्या या एअरबस ए-३२० विमानाचा नियंत्रण कक्षाशी सव्वा तासाहून अधिक काळ संपर्क तुटला होता. विमान अखेर सुखरूप उतरले. आपण झोपलो नव्हतो, तर कामाच्या पाळ्या लावण्याच्या कंपनीच्या नव्या पद्धतीची चर्चा करताना लॅपटॉपमध्ये गुंतलो होतो, असे दोघा वैमानिकांनी तपास अधिकाऱ्यांना सांगितले. सहाव्या दिवशी फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशन म्हणजेच एफएए या नियामक संस्थेने तातडीच्या आदेशाने दोघांचेही परवाने रद्द केले.

चूक उघड होती आणि ती वैमानिकांनी नाकारलीही नव्हती. मग अशा प्रकरणात वैमानिकांच्या संघटनेने बाजू तरी कशाची मांडायची, असा प्रश्न सामान्य प्रवाशाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील गेल्या नव्वद वर्षांची व्यवस्था पाहावी लागते.

तेथे गैरवर्तनाचा ठपका आलेल्या वैमानिकाला एकाच वेळी अनेक चौकशांना तोंड द्यावे लागते. नोकरीचा निर्णय कंपनी करते, परवान्याचा एफएए करते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ केवळ घटनेची कारणे शोधते, शिक्षा देत नाही. प्रकरण फौजदारी स्वरूपाचे असेल तर सरकारी वकीलही येतो. एका ठिकाणी दिलेला जबाब दुसऱ्या ठिकाणी अंगाशी येऊ शकतो. म्हणूनच घटना घडताच, कोणाशीही बोलण्यापूर्वी संघटनेला कळवा, असा सल्ला तेथील संघटना सदस्यांना देतात. बाहेरच्यांना ही लपवाछपवी वाटते. पण दमलेल्या, भेदरलेल्या माणसाने पहिल्या तासात केलेले विधान पुढे वर्षभर पुराव्यात फिरत राहते, हा अनुभव त्यामागे आहे.

नोकरीविषयीच्या चौकशीचा पाया मात्र रेल्वेच्या कायद्यात आहे. संपामुळे देशाची वाहतूक ठप्प होऊ नये म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९२६ मध्ये रेल्वे कामगार कायदा केला आणि १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू केला. एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही वैमानिकांची प्रमुख संघटना त्याआधी पाच वर्षे, १९३१ मध्ये, स्थापन झाली होती. या कायद्याने वादांचे दोन वर्ग पाडले. नवा करार करण्यावरून होणारा वाद मोठा, तर झालेल्या कराराचा अर्थ लावण्यावरून होणारा वाद लहान. एखाद्या वैमानिकाची बडतर्फी ही त्याच्या संसाराच्या दृष्टीने केवढीही मोठी असली तरी कायद्याच्या भाषेत ती लहान बाब होय! अशा लहान वादासाठी संप करता येत नाही. त्याच्या बदल्यात कंपनी आणि संघटना यांनी मिळून समायोजन मंडळ स्थापन करणे कायद्याने बंधनकारक केले.

या मंडळावर दोन्ही पक्षांचे समसमान सदस्य असतात. तत्पूर्वी करारातील पायऱ्या ओलांडाव्या लागतात. आरोपांची लेखी नोटीस, संघटनेच्या प्रतिनिधीसह सुनावणी, लेखी निर्णय आणि वरिष्ठाकडे अपील, असा हा क्रम असून बहुतेक करारांत प्रत्येक पायरीला दिवसांची मुदत घातलेली असते. मंडळावरील मते समसमान विभागली गेली, की तटस्थ लवाद येऊन बसतो आणि त्याचे मत निर्णायक ठरते. तो निवाडा अंतिम असतो, न्यायालये त्यात अगदी क्वचितच हात घालतात. चौकशीच्या वेळी प्रतिनिधी सोबत असण्याचा हक्क अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये वाइनगार्टन खटल्यात मान्य केला खरा, पण तो निवाडा ज्या कायद्याखालचा आहे तो विमान कंपन्यांना लागू नाही. त्यामुळे वैमानिकांच्या संघटनांनी हा हक्क करारात स्वतंत्रपणे लिहून घेतला.

लवादापुढचा कळीचा शब्दप्रयोग म्हणजे ‘न्याय्य कारण’. बडतर्फीला न्याय्य कारण होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. कॅरोल डॉघर्टी या लवादाने १९६६ मध्ये एका तार कारखान्याच्या वादात त्यासाठी सात कसोट्या मांडल्या आणि त्या पुढे सर्वच उद्योगांत प्रमाण मानल्या गेल्या. नियमाची आणि परिणामाची पूर्वकल्पना कामगाराला होती काय, चौकशी शिक्षेपूर्वी आणि निःपक्षपातीपणे झाली काय, पुरावा पुरेसा होता काय, तोच नियम इतरांना तसाच लावला गेला काय, शिक्षा अपराधाच्या प्रमाणात आहे काय, असे हे प्रश्न आहेत. वैमानिकाने चूक केली की नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. त्यामुळे चूक सिद्ध होऊनही बडतर्फी रद्द होते आणि वैमानिक मागील पगाराविना कामावर परततो, असा मधला निवाडा विरळ नाही. व्यवस्थापनाला तो खुपतो, प्रवाशालाही चटकन रुचत नाही. परंतु दहा जणांना ताकीद देऊन अकराव्याला घरी पाठवणाऱ्या कंपनीला जाब विचारण्याची दुसरी जागा या व्यवस्थेत नाही.

संघटनेने प्रत्येक प्रकरण शेवटपर्यंत लढलेच पाहिजे असेही नाही. १९४४ च्या स्टील खटल्यात कृष्णवर्णीय रेल्वे फायरमनना डावलणाऱ्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयाने फटकारले आणि सर्वांचे न्याय्य प्रतिनिधित्व करणे हे संघटनेचे कर्तव्य ठरवले. १९६७ च्या व्हाका खटल्यात त्याची मर्यादाही स्पष्ट झाली. मनमानी, भेदभाव किंवा दुष्ट हेतू नसेल तर कमकुवत प्रकरण लवादाकडे न नेण्याची मुभा संघटनेला आहे. खरी कसोटी लागते ती तक्रारदार आणि आरोपी दोघेही वैमानिक असतात तेव्हा. सहवैमानिकाने कॅप्टनविरुद्ध तक्रार केली तर वर्गणी दोघांचीही संघटनेकडेच जमा असते. सौम्य स्वरूपाचे खटके व्यावसायिक आचार समितीकडे जातात. तेथे सहकारी वैमानिक दोघांशी खासगीत बोलतात आणि व्यवस्थापनापर्यंत कागद जात नाही. छळ किंवा दहशतीच्या आरोपाला मात्र हा मार्ग अपुरा पडतो. तिथे खासगीत मिटवणे म्हणजे बलवानाच्या बाजूने मिटवणे ठरण्याचा धोका असतो.

परवान्याच्या लढाईत संघटना वकील पुरवते, निर्णय मात्र तिच्या हाती नसतो. एफएएच्या आदेशाविरुद्ध अपील वाहतूक सुरक्षा मंडळाच्या न्यायाधीशापुढे आणि नंतर पूर्ण मंडळापुढे चालते. १८८ क्रमांकाच्या विमानाच्या वैमानिकांनीही असे अपील केले. मार्च २०१० मध्ये तडजोड होऊन त्यांनी ते मागे घेतले आणि नव्या परवान्यासाठी नेहमीच्या एका वर्षाऐवजी थोडे आधी अर्ज करण्याची मुभा त्यांना मिळाली. या अपील पद्धतीत सुधारणा झाली ती एका वजनदार वैमानिकामुळे. हौशी वैमानिक असलेले सिनेटर जेम्स इनहॉफ यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये टेक्सासमधील बंद धावपट्टीवर विमान उतरवले आणि एफएएच्या कारवाईचा अनुभव त्यांना स्वतःला आला. त्यांच्या पुढाकाराने ऑगस्ट २०१२ मध्ये ‘पायलट्स बिल ऑफ राइट्स’ हा कायदा झाला. चौकशी सुरू असल्याची लेखी सूचना, उत्तर देणे सक्तीचे नसल्याची स्पष्ट कल्पना आणि नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळण्याचा हक्क त्याने दिला. सामान्य वैमानिक जे मागत होते ते सिनेटरला अडचण आल्यावर मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

मद्यपानाच्या प्रकरणांत या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. ८ मार्च १९९० रोजी फार्गोहून मिनिआपोलिसला आलेल्या नॉर्थवेस्टच्या बोइंग ७२७ च्या तिन्ही कर्मचाऱ्यांनी मद्यप्राशन केल्याचे आढळले. तिघांना नोकरी आणि परवाने गमवावे लागले, शिवाय तुरुंगवासही झाला. त्यांपैकी कॅप्टनने उपचार घेतले, सर्व परवाने पुन्हा मिळवले, तो कंपनीत परतला आणि बोइंग ७४७ चा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. संघटना, कंपन्या आणि एफएए यांनी मिळून १९७० च्या दशकात उभारलेल्या ‘हिम्स’ या उपचार योजनेतून व्यसनमुक्त होऊन हजारो वैमानिक कामावर परतले आहेत. व्यसन लपवले जाण्यापेक्षा ते सांगितले जाणे सुरक्षित, हे त्यामागील व्यावहारिक गणित आहे.

हेच गणित चुका स्वतःहून कळवण्याच्या योजनेलाही लागू पडते. वैमानिकाने नजरचुकीने झालेला नियमभंग कळवावा आणि कंपनी, संघटना व एफएए यांच्या प्रतिनिधींनी एकमताने त्याची वासलात लावावी, शिक्षा शक्यतो टाळावी, अशी ही रचना आहे. मात्र कळवलेल्या माहितीवरून कंपनीने कारवाई करावी की नाही, यावर अमेरिकन एअरलाइन्स आणि तिच्या वैमानिकांची संघटना यांचे बिनसले आणि २००८ मध्ये ही योजना तेथे काही काळ बंद पडली. त्या काळात चुका घडायच्या थांबल्या असतील असे नाही. त्या कळवण्याचा हा विश्वासाचा मार्ग तेवढा उरला नाही.

भारतात कायद्याने घालून दिलेले असे संयुक्त मंडळ नाही. येथे कारणे दाखवा नोटीस, कंपनीची खातेचौकशी आणि नंतर कामगार न्यायालय किंवा उच्च न्यायालय, असा मार्ग असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली. परवान्याचा निर्णय नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. संघटनेचे वजन त्यामुळे लेखी करारापेक्षा तिच्या संख्याबळावर अवलंबून राहते. संघटना उभारणाऱ्या दोन वैमानिकांना जेट एअरवेजने २००९ मध्ये काढले, तेव्हा शेकडो सहकारी एकाच वेळी आजारी रजेवर गेले आणि पाच दिवसांत कंपनीने माघार घेतली. मे २०१२ मध्ये उलटे घडले. ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणावरून एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले आणि व्यवस्थापनाने इंडियन पायलट्स गिल्डची मान्यताच काढून घेतली. ५८ दिवसांनी संप मिटला, तेव्हा या बडतर्फ वैमानिकांच्या वतीने बोलण्यासाठी मान्यताप्राप्त प्रतिनिधीच नव्हता. त्यांच्या पुनर्नियुक्तीचा विचार दिल्ली उच्च न्यायालयापुढे दिलेल्या आश्वासनावर सोपवला गेला.