महानायकाचे बळ आणि खेळाची मर्यादा

अजिंक्य वीराची कथा सांगणे सोपे असते. अजिंक्य वीराचा खेळ रचणे मात्र फार कठीण. कथेतील वीर अखेर जिंकणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते, तरीही कथेची गोडी उणावत नाही. खेळाचे तसे नाही. ज्या खेळात हरण्याचा संभवच नाही, त्यात जिंकण्याचा आनंदही नाही. कबड्डीत चढाईला गेलेला गडी पकडला जाणारच नाही असे एकदा ठरून गेले, तर मैदानाभोवती कोण उभे राहील? व्हिडिओ गेमच्या इतिहासात ‘सुपरहिरो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महानायकांचे जे खेळ निघाले, त्या सर्वांपुढे हाच पेच होता. तो कोणाला सुटला, कोणाला सुटला नाही, आणि एकदा सुटलेला पेच त्याच हातांत पुन्हा कसा गुंतला, याची हकीकत मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे.

या महानायकांपैकी दोघे सर्वांत वडील. सुपरमॅन १९३८ साली आणि बॅटमॅन १९३९ साली अमेरिकेतील चित्रकथांतून वाचकांसमोर आला. दोघांचा पिंड मात्र अगदी निराळा. सुपरमॅन परग्रहावर जन्मलेला. तो आकाशात उडतो, आणि बंदुकीची गोळी त्याच्या छातीवर आपटून खाली पडते. बॅटमॅन हा ब्रूस वेन नावाचा एक धनिक मनुष्य. बालपणी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांची हत्या झाली. पुढे त्याने शरीर आणि बुद्धी कसली, आणि वटवाघळाचा वेष धारण करून तो रात्रीच्या वेळी गुन्हेगारांशी झुंजू लागला. त्याच्या अंगी दैवी शक्ती एकही नाही, आणि शत्रूचा प्राण घ्यायचा नाही असे त्याचे व्रत आहे. हा भेद ध्यानी ठेवावा; कारण पुढील इतिहासात त्याला फार महत्त्व आले.

सुपरमॅनचा पहिला व्हिडिओ गेम अटारी कंपनीने १९७९ साली काढला. घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या यंत्रावर तो खेळावयाचा होता, आणि संपूर्ण खेळ अवघ्या चार किलोबाइट जागेत बसवलेला होता. पडद्यावरील नायक म्हणजे काही रंगीत चौकोनांचा पुंजका. तथापि तो रचणाऱ्या जॉन डन या कारागिराने मूळ पेच अचूक ओळखला होता. त्याच्या खेळात सुपरमॅन मरतच नाही! दुष्टांना पकडावयाचे, मोडलेला पूल जोडावयाचा आणि वृत्तपत्राच्या कचेरीत परतावयाचे. हे सारे किती वेळात साधले, एवढाच हिशेब. क्रिप्टोनाइट या घातक द्रव्याचा स्पर्श झाला, तर नायकाची उडण्याची शक्ती जाते आणि लोइस लेन ही त्याची सखी भेटेपर्यंत त्याला पायी हिंडावे लागते. ज्याला मृत्यू नाही त्याला काळाशी झुंजवले, की खेळात रंग भरतो, हे सूत्र त्या चार किलोबाइटांत सापडलेले होते.

नवल असे, की पुढील वीस वर्षांत यंत्रे सहस्रपटीने समर्थ झाली, पण हे सूत्र अनेकांच्या हातून निसटले. १९९९ साली टायटस या फ्रेंच कंपनीने निन्टेंडोच्या यंत्रासाठी सुपरमॅनचा नवा खेळ काढला. त्यात महानगर होते, उड्डाण होते, दूरवर दिसणारे सारे झाकून टाकणारे दाट धुकेही होते. परंतु नायकाच्या वाट्याला आलेले काम कोणते? आकाशात टांगलेल्या कड्यांच्या रांगेतून, ठरलेल्या वेळात, एकामागून एक पार होणे. त्यातही कळा नायकाच्या आज्ञेत राहत नसत. वळावे तर तो भलतीकडेच जाई. नायकाने कोणते कृत्य करावे आणि कोणते करू नये, याविषयी नावाच्या मालकांनी घातलेल्या अटींमुळे आपले हात बांधले गेले, असे निर्मात्यांनी पुढे सांगितले. कारण काही असो, व्हिडिओ गेमच्या इतिहासातील अत्यंत निकृष्ट खेळांत त्याची गणना होऊ लागली. नाव जगप्रसिद्ध असले, तरी नावाने खेळ खेळता येत नाही, हे त्या प्रसंगाने सिद्ध केले.

या मार्गावर पहिला मोठा प्रकाश पडला तो २००४ साली. स्पायडरमॅन हा नायक कोळ्यासारखे तंतू फेकून इमारतींमधून झोके घेत जातो. २००२ सालच्या त्याच्या खेळात हे तंतू चक्क आकाशालाच चिकटत. झोका दिसे, पण त्याला आधार कशाचाच नसे. हा खेळ करणाऱ्या ट्रेआर्क या संस्थेत जेमी फ्रिस्ट्रम नावाचा एक तंत्रज्ञ होता. त्याच्या मनाला ही खोटी गोष्ट पटेना. तंतू खऱ्या भिंतीलाच चिकटला पाहिजे आणि दोरीला बांधलेल्या लंबकाप्रमाणे नायकाचे वजन व वेग झोक्यात उतरला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याने कच्चा नमुना करून दाखवला, आणि त्यातून ‘स्पायडरमॅन २’ हा खेळ साकार झाला. इमारत जवळ नसेल तर झोका नाही. तंतू चुकीच्या क्षणी सोडला तर वेग वाया जातो. मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून नुसते झोके घेत हिंडण्यात खेळणारे तासन्‌तास रमू लागले. कथेतील कामे तीच ती होती, पोराचा उडालेला फुगा पुन्हा पुन्हा आणून देण्याचा तर सर्वांना वीट आला. पण झोक्याचा वीट कोणाला आला नाही. अडचण वाढवली आणि आनंद वाढला!

हा धडा पूर्णत्वास नेण्याचे श्रेय लंडनच्या रॉकस्टेडी या संस्थेला द्यावे लागेल. सेफ्टन हिल आणि जेमी वॉकर यांनी ती २००४ साली स्थापन केली. तिच्या नावावर जेमतेम एक खेळ जमा असताना तिने बॅटमॅन हाती घेतला, आणि ऑगस्ट २००९ मध्ये ‘बॅटमॅन: आर्कम असायलम’ हा खेळ प्रसिद्ध झाला. कथा पॉल डिनी याने लिहिली. बॅटमॅनला केविन कॉनरॉय याने आणि त्याचा वैरी जोकर याला मार्क हॅमिल याने आवाज दिला. ही मंडळी बॅटमॅनच्या दूरचित्रवाणीवरील चित्रमालिकेपासून या कामात मुरलेली होती.

कथानक एका रात्रीचे आणि एका बेटाचे. या बेटावर मनोरुग्ण गुन्हेगारांचे रुग्णालय आहे. पकडलेल्या जोकरला घेऊन बॅटमॅन तेथे येतो, आणि पकडले जाणे हाच जोकरचा डाव होता हे उघड होते. दारे बंद होतात, कैदी मोकळे सुटतात, आणि जो नायक साऱ्या शहराचा रक्षक, तोच कोंडला जातो. अफाट नगरीऐवजी आखलेले बेट निवडण्यात रचनाकारांनी मोठे शहाणपण दाखवले. आरंभी जी भिंत अभेद्य वाटते, ती पुढे नवे साधन हाती आल्यावर फुटते; जी दरी ओलांडता येत नाही, तिच्यावरून पुढे दोर टाकता येतो. रात्र सरत जाते तसा नायकाचा वेष फाटत जातो. बळ आणि झीज ही दोन्ही खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बरोबरीने वाढत राहतात.

परंतु या खेळाची खरी थोरवी त्याच्या द्वंद्वयुद्धात आहे. एका माणसाने दहा जणांशी लढावयाचे, तर कळांचा केवढा पसारा लागेल, असे कोणालाही वाटेल. येथे मुख्य कळा तीन: एक प्रहाराची, एक शत्रूचा वार परतवण्याची आणि एक त्याला भोवंडून टाकण्याची. शत्रू वार करण्याच्या बेतात आला, की त्याच्या डोक्यावर विजेसारख्या रेषा चमकतात. त्या क्षणी कळ दाबली तर वार परत फिरतो. ही लढाई घडवताना कारागिरांनी आरंभी तालाच्या खेळासारखा नमुना करून पाहिला होता, असे हिलने सांगितले आहे, आणि तो ताल अखेरच्या रूपातही टिकून राहिला. लेझीम खेळणाऱ्याचा ठेका चुकला की हात अडखळतात, तसेच येथे होते. जो उतावळेपणाने भराभर कळा दाबतो, त्याची साखळी तुटते; जो थांबतो, पाहतो आणि वेळ साधतो, त्याचा नायक एका शत्रूवरून दुसऱ्यावर पाण्यासारखा वाहत जातो. सुरीवाल्याला आधी भोवंडावे लागते, विजेचा सोटा असलेल्यावर मागूनच चाल करावी लागते. शिकावयास क्षण पुरतो. मुरावयास रात्री जातात.

याच नायकाला बंदुकीपुढे उभे केले, की चित्र पालटते. चारदोन गोळ्यांत तो कोसळतो. म्हणून शस्त्रधारी पहारेकरी असलेल्या दालनांत त्याला उंचावरील दगडी राक्षसमुखांवर दबा धरून बसावे लागते आणि एकेकाला एकटे गाठावे लागते. एक साथी नाहीसा झाला, की उरलेले घाबरतात, पाठीला पाठ लावून फिरू लागतात, सावलीवरही गोळ्या झाडतात. ज्या भीतीच्या बळावर बॅटमॅन चित्रकथांत सत्तर वर्षे लढत आला, ती भीती येथे खेळणाऱ्याच्या हातातील शस्त्र झाली. पुढे जोकर त्याच राक्षसमुखांना स्फोटके बांधतो, आणि सवयीचा आधार काढून घेतला जातो. खेळणारा जेव्हा जेव्हा निर्धास्त होतो, तेव्हा तेव्हा त्याच्या पायाखालची एक फळी सरकवली जाते. एका प्रसंगी तर यंत्रच बिघडून खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्याचा आभास निर्माण केला जातो, आणि खेळणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

मर्यादा हाच या खेळाचा प्राण होता, याचा एक गमतीदार पुरावा आहे. संगणकासाठी निघालेल्या आवृत्तीच्या बेकायदा प्रती फिरू लागल्या होत्या. अशा प्रतीत बॅटमॅनला झगा पसरून तरंगता येऊ नये, अशी तजवीज कारागिरांनी करून ठेवली होती. चेहरा तोच, आवाज तोच, शहरभर दरारा तोच. पण विषारी वायूने भरलेले एक दालन त्याला ओलांडता येईना! एक हालचाल काढून घेतली आणि महानायक खोळंबला. नायक चित्रात नसतो, हालचालीत असतो, हे याहून थोडक्यात कोणी सांगितले नसेल.

या खेळात उणिवा नव्हत्या असे नाही. भिंतीपलीकडील माणसे आणि त्यांच्या नाडीचे ठोकेही दाखवणारी एक विशेष दृष्टी नायकाला दिलेली आहे. ती इतकी सोयीची ठरली, की पुष्कळांनी जवळजवळ सारा खेळ त्या निळसर दृष्टीतूनच पाहिला आणि कलावंतांनी रंगवलेली दालने त्यांच्या नजरेस पडलीच नाहीत. मोठ्या खलनायकांशी होणारी युद्धे एकाच साच्याची झाली. अखेरीस जोकर औषध टोचून राक्षसी देह धारण करतो. जो बुद्धीने भयंकर, त्याला स्नायूंनी भयंकर करण्यात काय साधले, असा आक्षेप रास्तच होता. तथापि मार्च २०१० मध्ये ब्रिटिश अकादमीने उत्कृष्ट खेळाचा आणि खेळण्याच्या रचनेचा असे दोन्ही बहुमान याच कृतीला दिले. तिची युद्धरीती पुढे अनेकांनी उचलली. २०१४ सालच्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’मध्ये आणि २०१८ सालच्या स्पायडरमॅनच्या खेळात तिची छाप स्पष्ट दिसते.

इतिहास मात्र येथे थांबला नाही. २०२२ च्या अखेरीस हिल आणि वॉकर यांनी संस्था सोडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॉनरॉय निवर्तला. २०२४ साली त्याच रॉकस्टेडीने ‘सुइसाइड स्क्वॉड’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात चार निरनिराळी पात्रे होती. एक तर शार्क माशाच्या जबड्याचा महाकाय वीर. परंतु चौघांच्याही हाती बंदुका देण्यात आल्या, आणि खेळणाऱ्याने महिनोन्‌महिने परत परत येऊन नवी शस्त्रे गोळा करीत राहावे, अशी योजना आखण्यात आली. ज्या संस्थेने एका मनुष्याच्या हालचालीत त्याचा स्वभाव उतरवला होता, तिने चार स्वभावांना एकाच चापावर बोट ठेवावयास लावले. लोक फिरकले नाहीत. प्रकाशक वॉर्नर कंपनीला सुमारे २० कोटी डॉलरची झळ लागली. पैशाहून मोठी हानी विश्वासाची झाली. कारण पंधरा वर्षांपूर्वी खेळणाऱ्यांनी या संस्थेचे नाव ज्या कसबासाठी लक्षात ठेवले होते, तेच कसब त्यांना येथे सापडेना.

अटारीच्या चार किलोबाइटांपासून या कोट्यवधींच्या खटाटोपापर्यंतचा प्रवास पाहिला, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्राचे सामर्थ्य वाढले, पडद्यावरील चित्र खऱ्यासारखे झाले, पण कसोटी बदलली नाही. नायकाला काय करता येते याबरोबरच त्याला काय करता येत नाही, हे ज्याने आधी ठरवले, त्याचाच खेळ लोकांनी मनापासून खेळला. बॅटमॅनच्या खेळातील ती एक रात्र आजही नवे खेळणारे जागवतात. गोळी लागली तर आपला नायक मरणार आहे, हे ठाऊक असल्यामुळेच ते अंधारात श्वास रोखून त्याच्यासह दबा धरून बसतात.