गुहेच्या भिंतीवरची नावं

गीक संस्कृतीचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण गॅरेजपासून सुरुवात करतात. दोन मित्र, एक सोल्डरिंग गन आणि पुढे अब्जावधी डॉलर. पैसा कसा आला हे त्या गोष्टीत नीट कळतं. पण पगाराशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टीसाठी माणसं रात्र रात्र का जागत होती, ते कळत नाही. ते समजून घ्यायचं तर मला वाटतं गॅरेजऐवजी जमिनीखाली जावं लागेल. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, चुनखडीच्या एका प्रचंड गुहेत.

माझी एक छोटी यादी आहे. पुस्तक: ट्रेसी किडरचं 'द सोल ऑफ अ न्यू मशीन' (१९८१). मालिका: 'हॉल्ट अँड कॅच फायर' (२०१४ ते २०१७). खेळ: 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर', ज्याला जुने लोक नुसतं 'ॲडव्हेंचर' म्हणतात. किडरचं पुस्तक डेटा जनरल या कंपनीतल्या अभियंत्यांनी नवा संगणक कसा बांधला याची खरी हकीकत आहे आणि त्याला १९८२चं पुलित्झर मिळालं. त्यात एक अभियंता किडरला यंत्राची ओळख करून देतो ती हा खेळ खेळायला बसवून. 'हॉल्ट अँड कॅच फायर'च्या पहिल्या पर्वातल्या एका भागाचं नावच 'ॲडव्हेंचर' आहे. त्यात कंपनीतली सगळी मंडळी याच खेळात बुडालेली दिसतात. म्हणजे यादीतल्या तीन गोष्टींपैकी दोन तिसरीत जाऊन मिळतात. आणि ती तिसरी एका खऱ्या जागेत.

ती जागा म्हणजे मॅमथ केव्ह. १८३८ साली स्टीफन बिशप नावाचा एक कोवळा तरुण तिथे वाटाड्या म्हणून आला. 'आला' हे क्रियापद खरं तर चुकीचं. त्याला आणलं गेलं, कारण तो गुलाम होता. पुढच्याच वर्षी गुहेचा मालक बदलला, तेव्हा गुहेबरोबर तोही विकला गेला. तोवर पर्यटक ज्या खोल विवरापाशी थांबून मागे फिरत, ते बिशपनं शिडी आडवी टाकून ओलांडलं. पलीकडे त्याला मैलोन्‌मैल नवे बोगदे सापडले, भूमिगत नदी सापडली, त्या नदीतले डोळे नसलेले मासे सापडले. १८४२ साली मालकानं त्याला आपल्या घरी बसवून गुहेचा नकाशा काढायला लावलं. त्यानं तो आठवणीतून काढला. १८४५च्या एका पुस्तकात तो नकाशा छापला गेला आणि त्यावर बिशपचं नाव होतं. स्वतःच्या देहावर ज्याचा कायदेशीर हक्क नव्हता, त्याच्या नावाचा नकाशा! मेणबत्तीच्या काजळीनं त्यानं गुहेच्या भिंतींवरही आपलं नाव लिहिलं. १८५६ मध्ये तो मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी वारला.

गुहेची माहिती मग पुढच्या पिढ्यांतल्या वाटाड्यांकडे गेली, आणि विसाव्या शतकात हौशी शोधकांकडे. शेजारच्या फ्लिंट रिज या डोंगराखाली आणखी एक अवाढव्य गुहाजाल होतं. ही दोन जालं आतून जोडलेली आहेत का, हा त्या मंडळींचा अनेक वर्षांचा ध्यास होता. सुट्ट्या काढून, स्वतःच्या खर्चानं लोक येत आणि चिखलात सरपटत मोजणी करत. टेप, होकायंत्र, वही. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचं अंतर, दिशा आणि चढउतार. इतकंच काम, पण हजारो वेळा.

या चमूत पॅट्रिशिया क्राउथर होती. अंगानं सडपातळ. 'टाइट स्पॉट' असं नाव पडलेल्या एका चिंचोळ्या फटीतून पहिल्यांदा पलीकडे सरकली ती हीच. ३० ऑगस्ट १९७२ रोजी ती आणि तिचे साथीदार फ्लिंट रिजच्या बाजूनं बरेच आत गेले होते. आपल्याआधी इथे कुणीच आलेलं नसणार, अशा जागी त्यांना भिंतीवर अक्षरं दिसली: 'पीट एच.' शेजारी एक बाण, मॅमथ केव्हच्या दिशेनं.

पीट हॅन्सन हा १९३०च्या दशकात मॅमथ केव्हमध्ये नव्या वाटा शोधणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो मारला गेला. त्यामुळे ही वाट कुठे जाते हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. उरलं होतं फक्त ते नाव आणि तो बाण. पण तेवढं पुरलं. पीट इथे पोचला असेल तर पलीकडून वाट असलीच पाहिजे. ९ सप्टेंबरला जॉन विल्कॉक्सच्या नेतृत्वाखाली सहा जणांची तुकडी त्याच वाटेनं पुढे गेली. पॅट्रिशिया त्यात होती. गळ्याशी येणाऱ्या पाण्यातून ते एका मोठ्या दालनात निघाले, तर समोर पर्यटकांसाठी लावलेला कठडा. मॅमथ केव्ह! दोन्ही मिळून १४४.४ मैलांची, म्हणजे सुमारे २३२ किलोमीटर लांबीची, जगातली सर्वांत लांब गुहा त्या दिवशी कागदावर आली. आज ती ४०० मैलांच्या पुढे गेली आहे.

आपल्याकडे गडांच्या तटबंदीवर बदामात नावं कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो आणि ते योग्यच आहे. पण पीट एच.ची गोष्ट वाचल्यापासून मला दोन प्रकारच्या नावांमधला फरक दिसायला लागला. एक नाव म्हणतं, 'मी इथे होतो.' दुसरं म्हणतं, 'मी इथे होतो, आणि वाट तिकडे आहे.' हा बाणाचा फरक आहे. गीक संस्कृतीत मला जे जे आवडतं, ते सगळं या बाणात आहे.

पॅट्रिशियाचा नवरा विल क्राउथर बीबीएन या कंपनीत प्रोग्रामर होता. आजच्या इंटरनेटचा पूर्वज जे आर्पानेट, त्याचे संदेश इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्रांचा कोड लिहिणाऱ्यांपैकी एक. घरच्या टेलिटाइपवरून ऑफिसच्या संगणकाशी जोडणी होती. नवराबायको चिखलानं माखलेल्या वह्यांमधले आकडे त्यावर टंकत आणि संगणकाकडून गुहेचे नकाशे काढून घेत.

पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुली भेटायला येत तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी हवं, म्हणून १९७५-७६च्या सुमारास विलनं एक प्रोग्राम लिहिला. त्या काळात तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत असे. त्यातली कल्पनारम्यता आणि ओळखीची गुहा त्यानं एकत्र केली. चित्र नाही, आवाज नाही. संगणक तुम्हाला तुम्ही कुठे आहात ते सांगतो, तुम्ही एकदोन शब्दांत काय करायचं ते टंकता. उत्तरेला जा, दिवा घे, पक्षी सोड. संगणकाशी साध्या भाषेत बोलता यावं, हेच मुळात त्यामागे होतं, कारण खेळणाऱ्या त्याच्या लहान मुली होत्या.

तो मूळ कोड आज वाचायला मिळतो. सुमारे ७०० ओळींचा फॉरट्रान आणि जवळपास तेवढ्याच ओळींची डेटा फाइल. ७८ जागा, १९३ शब्द. प्रत्येक शब्दाची फक्त पहिली पाच अक्षरं बघितली जातात. कारण मजेशीर आहे: पीडीपी-१० या संगणकाचा एक 'वर्ड' ३६ बिटांचा, एका अक्षराला ७ बिट, म्हणजे पाच अक्षरं मावतात आणि एक बिट उरतो.

पण मी थबकलो ते डेटा फाइलपाशी. त्यात एक तक्ता आहे: या जागेवरून त्या जागेवर, अमुक शब्द टंकला तर. कुठून, कुठे, कसं. गुहेच्या मोजणीच्या वहीतही हेच रकाने असतात: कुठल्या खुणेपासून, कुठल्या खुणेपर्यंत, कुठल्या दिशेनं. आम्ही इंजिनिअरिंगला ज्याला ग्राफ म्हणून शिकतो तो हाच. क्राउथरला खेळाची रचना वेगळी शोधावी लागली नसणार. गुडघ्यावर वही ठेवून गुहा मोजताना ती त्याच्या हाताला लागलेली होती. म्हणून त्या खेळात 'बेडक्विल्ट' आणि 'वाय-टू' अशी खऱ्या गुहेतली नावं जशीच्या तशी आली. त्यात एक चकवाही आहे, जिथल्या सगळ्या खोल्यांचं वर्णन अगदी एकसारखं. त्यातून सुटायचं कसं? जवळची एकेक वस्तू एकेका खोलीत टाकत जायचं, म्हणजे खोल्या ओळखू येतात. थोडक्यात, पीट एच.नं केलं तेच करायचं.

क्राउथर नंतर दुसऱ्या नोकरीला गेला आणि खेळ कंपनीच्या संगणकावर तसाच राहिला. नेटवर्कवरून एकाकडून दुसऱ्याकडे जात तो १९७६ मध्ये स्टॅनफर्डमधल्या डॉन वुड्स या विद्यार्थ्यापर्यंत पोचला. त्याला तो सुधारायचा होता, पण लेखकाचा पत्ता नव्हता. त्यानं एक अचाट गोष्ट केली: आर्पानेटवरच्या प्रत्येक संगणकावर 'क्राउथर' या नावानं पत्र पाठवलं. उत्तर आलं, सोर्स कोड मिळाला. वुड्सनं त्यात चाचा, ड्रॅगन, ट्रोल घातले, गुण मोजायची पद्धत आणली. १९७७ची ही आवृत्ती जगभर पसरली. तिच्या सूचनांमध्ये वुड्सनं आधी क्राउथरचं नाव लिहिलं, मग स्वतःचं.

त्यानंतर बाण फुटतच गेले. एमआयटीतल्या चौघांनी त्याच वर्षी 'झॉर्क' लिहायला घेतला. रॉबर्टा विल्यम्स या गृहिणीला 'ॲडव्हेंचर'नं इतकं झपाटलं, की तिनं नवऱ्याच्या मदतीनं १९८० साली 'मिस्टरी हाउस' हा चित्रं असलेला पहिला ॲडव्हेंचर गेम काढला. आणि वॉरन रॉबिनेट हा अटारीतला प्रोग्रामर स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत हा खेळ खेळून आला आणि ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, अवघ्या १२८ बाइट स्मृतीच्या यंत्रावर, त्याचं चित्ररूप बसवायला लागला.

इथे नावाचा प्रश्न पुन्हा येतो. अटारी आपल्या खेळांवर प्रोग्रामरचं नाव छापत नसे. एक माणूस एकट्यानं कल्पना, चित्रं, आवाज, कोड सगळं करी आणि डब्यावर फक्त कंपनी. याच सुमारास, १९७९ मध्ये, श्रेय आणि पैसा या दोन्हींवरून चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. रॉबिनेटनं वेगळा मार्ग घेतला. त्यानं खेळात एक गुप्त खोली केली. पार्श्वभूमीच्याच करड्या रंगाचा एक टिंब शोधून उचलायचा आणि तो घेऊन ठरावीक जागी गेलात की खोली उघडते. आत झगमगत्या अक्षरांत कर्त्याचं नाव. त्यानं हे कुणालाही सांगितलं नाही आणि नोकरी सोडून गेला. सॉल्ट लेक सिटीतल्या एका १५ वर्षांच्या मुलानं ती खोली शोधून अटारीला पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीला कळलं. काढून टाकणं महाग पडलं असतं, म्हणून ते राहू दिलं. आज प्रत्येक सिनेमात आणि मालिकेत आपण ज्या 'ईस्टर एग'ची शिकार करतो, ते नाव इथून रूढ झालं. 'रेडी प्लेअर वन'चा शेवट याच खोलीवर उभा आहे. चाहत्यांना ती गंमत वाटते. मुळात ती एका कामगाराची सही होती.

क्राउथरचा मूळ कोड मात्र बरीच वर्षं हरवलाच होता. २००५ मध्ये वुड्सच्या विद्यार्थीदशेतल्या खात्याच्या जुन्या बॅकअपमध्ये तो सापडला. डेनिस जेर्झ या अभ्यासकानं तो २००७ मध्ये सविस्तर लेखासह प्रसिद्ध केला. त्याआधी तो स्वतः त्या गुहेत उतरला आणि खेळातली वर्णनं जागांशी ताडून पाहिली. २०१७ मध्ये क्राउथर आणि वुड्स यांच्या संमतीनं खेळाची शेवटची आवृत्ती मुक्त परवान्याखाली आली. २०२३ मध्ये रॉबर्टा विल्यम्सनं, निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, त्याच गुहेचा त्रिमितीय खेळ केला. ४३ वर्षांनी ती आपल्या बाणाच्या मुळाशी गेली.

या सगळ्या श्रेयनामावलीत पॅट्रिशियाचं नाव नाही. वुड्सनं मुद्दाम वगळलं असं मुळीच नव्हे. त्याला जो कोड मिळाला त्यात गुहेचे रकाने होते, पण ते चिखलातून कुणी आणले हे नव्हतं. गुहेच्या इतिहासात ती मोठी आहे, खेळाच्या इतिहासात बहुतेक वेळा 'क्राउथरची बायको' आहे. बिशप तर त्या इतिहासात येतच नाही. श्रेय असंच गळतं. कट रचावा लागत नाही. एका वहीतून दुसऱ्या फाइलमध्ये नक्कल करताना एक रकाना राहून जातो.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आज आम्ही रोज हजारो अनोळखी लोकांच्या कोडवर उभे राहून काम करतो. आता तर यंत्रंच तो कोड वाचून नवा लिहून देतात आणि मूळ कुणाचं होतं हे विचारायची सोयही उरत नाही. अशा वेळी गीक असणं म्हणजे टी-शर्ट आणि संग्राह्य बाहुल्या इतकंच उरलं, तर ती संस्कृती दुकानांची होईल. मला त्यातली वुड्सची रीत महत्त्वाची वाटते. आवडलेल्या गोष्टीचा कर्ता शोधायचा, त्यासाठी नेटवर्कवरच्या प्रत्येक दारावर टकटक करावी लागली तरी चालेल. त्याचं नाव आधी लिहायचं. मग आपली भर घालायची आणि पुढच्यासाठी दार उघडं ठेवायचं.

लिनक्स वापरत असाल तर 'बीएसडीगेम्स' नावाच्या पॅकेजमध्ये हा खेळ अजून मिळतो. सुरुवातीला तुम्ही रस्त्याच्या टोकाशी विटांच्या एका लहानशा घरासमोर उभे असता. तिथून ओढ्याकाठानं दक्षिणेला चालत राहिलात की जमिनीत एक लोखंडी जाळी लागते. दिवा घरातच आहे, तो घेतल्याशिवाय खाली उतरू नका. आणि चकव्यात अडकलात तर एखादी वस्तू मागे टाका.